राखेत राहिलेलं शिसं



या व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा संयोजकांनी मला सांगितलं, की ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गुरुजी शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर वर्षी मुलांना बुऱ्हाणपूरच्या जुन्या भुयारी पाणीयोजनेवर, कुंडी भंडाऱ्यावर, घेऊन जायचे. तिथे ते मुलांना एकच प्रश्न विचारायचे म्हणे : हे पाणी आलं कुठून? मी इतिहासाचा माणूस नाही, डॉक्टर आहे. पण हा प्रश्न मला माझ्या धंद्यातला वाटला. रोग्यासमोर बसलो की मलाही तेच शोधायचं असतं, हे दुखणं आलं कुठून. गुरुजींनी पाण्याला विचारलेला प्रश्न आज मी चांदीला विचारणार आहे.

विषय ऐकून तुमच्यातल्या काहींनी मनात म्हटलं असेल, की प्राचीन खाणींशी आपल्या गावाचा काय संबंध? इथे तापी आहे, सातपुडा आहे, केळीचे मळे आहेत, यंत्रमाग आहेत. चांदीची खाण कधीच नव्हती. तरीही या गावाची टांकसाळ अकबराच्या काळापासून रुपये पाडत होती. असीरगड १६०१ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि बुऱ्हाणपूर दख्खनच्या सुभेदारीचं ठाणं झालं. पुढे पेशवे आले, त्यांच्यानंतर शिंदे आले, आणि शिंद्यांच्या काळातही इथे नाणी पडत राहिली. टांकसाळीच्या जोडीला कलाबत्तूचा धंदा होता. चांदीच्या पाशावर सोन्याचा वर्ख चढवायचा, तो जंतरातून ओढून केसाहून बारीक तार करायची, ती ठोकून चपटा बादला करायचा आणि रेशमावर गुंडाळायचा. तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, रशियापर्यंत जातं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. इतकी चांदी इथे येत होती, की १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेनं आधी गाठलं ते याच शहराबाहेरचं बहादूरपुरा.

मग ही चांदी आली कुठून?

बरीचशी सुरतेहून आली. सुरतेला ती जहाजांतून उतरत असे, कधी तांबड्या समुद्राच्या वाटेनं, कधी इराणच्या आखातातून, कधी थेट युरोपच्या जहाजांतून. आणि युरोपात ती येत होती दक्षिण अमेरिकेतून. आजच्या बोलिव्हियात पोतोसी नावाचा डोंगर आहे. १५४५ मध्ये तिथे चांदीची शीर सापडली. १५७० नंतर तिथल्या कमी कसाच्या खनिजातून पारा वापरून चांदी काढायला लागले. तो पारा पेरूमधल्या वान्काव्हेलिकाच्या खाणीतून यायचा, आणि त्या खाणीला तिथले लोक मरणाची खाण म्हणायचे. गावोगावच्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीनं वेठीला धरून या दोन्ही ठिकाणी नेलं जात असे. परकं नाणं मोगल मुलखात चालत नसे. स्पॅनिश रियाल गाळून त्याचा इथला रुपया पाडावा लागे. म्हणजे एका खंडात माणूस खोकत खोकत पारा खणत होता आणि दुसऱ्या खंडात, तुमच्या या गावात, त्या चांदीवर बादशहाचं नाव उमटत होतं.

आता गाळायचं म्हणजे काय, ते मी जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका कृतीत आहे. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त टांकसाळीतल्या प्रत्येक कारागिराचं काम लिहिलं आहे. चांदी शुद्ध करायची रीत त्यात अशी आहे : जमिनीत खड्डा करायचा, त्यात शेणी टाकायची, बाभळीची राख भरायची, ती ओलसर करून तिला ताटलीचा आकार द्यायचा. या राखेच्या ताटलीत हीणकस चांदी ठेवायची आणि तिच्यावर शिसं घालायचं. भोवती कोळसे रचून भाता चालवायचा. शिसं वितळतं, चांदीतलं तांबं वगैरे हीण आपल्यात ओढून घेतं, हवेशी संयोग पावतं आणि राखेत जिरतं. थोडं धुरावाटे उडून जातं. वर उरते ती चकाकणारी शुद्ध चांदी.

चांदी उचलून न्यायची. शिसं मागे राखेत. ही युक्ती अबुल फजलच्याही आधी काही हजार वर्षं जगभर चालत आलेली आहे, कारण निसर्गातली पुष्कळशी चांदीच मुळात शिशाच्या खनिजात दडलेली असते. एक तोळा चांदी मिळवायची, तर कित्येक पट शिसं वितळवावं लागतं. चांदी राजाकडे जाते, व्यापाऱ्याकडे जाते, देवळात जाते. शिसं जिथल्या तिथे राहतं, आणि ते कुजत नाही, विरत नाही, त्याला कुठला जंतू खात नाही. पावसानं ओढ्यात जाईल, वाऱ्यानं शेतात जाईल, पण नाहीसं होणार नाही.

मी या विषयाकडे कसा आलो ते सांगायला हवं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात काम करत होतो. एक तेविशीचा मुलगा पोटात कळा येतात म्हणून आला. आडवा होऊन गुडघे पोटाशी घ्यायचा आणि कण्हायचा. बद्धकोष्ठ होतं, चेहरा फिकट होता. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला मुलगा. आम्ही आधी अपेंडिक्स धरलं, मग जंत धरले, मग मुतखडा धरला. सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी एका ज्येष्ठ परिचारिकेनं त्याचा ओठ खाली ओढून मला दाखवलं, हिरडीच्या काठावर निळसर काळी रेघ होती. "हा काय काम करतो, विचारलंत का तुम्ही?" असं त्या मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. तीन वेळा तपासलं होतं आणि विचारलं नव्हतं.

तो गलाईवाला होता. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ्यात जा, मागच्या गल्लीत मराठी बोलणारा, सोनं-चांदी गाळून देणारा माणूस भेटतो. हा मुलगा मामाच्या भट्टीवर चांदी शुद्ध करत होता, राखेत, शिसं घालून. अबुल फजलनं लिहिलेली तीच रीत, तेच ताटलीएवढं भांडं, फक्त भात्याच्या जागी विजेचा पंखा. खोली दहा बाय बारा, आणि वरच्या पोटमाळ्यावर बहिणीचं कुटुंब.

रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्यानं रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात त्यांत त्यानं एकाची भर घातली : तू काय काम करतोस? तीनशे वर्षं जुना प्रश्न मी विसरलो होतो. त्या मुलाला मी आजही विसरलेलो नाही.

शिसं शरीरात काय करतं? शरीराला ते कॅल्शियमसारखं दिसतं. जिथे जिथे कॅल्शियमला दार उघडतं, तिथे शिसं त्याच्या वेषात आत शिरतं. रक्तातून ते महिना-सव्वा महिन्यात निम्मं होतं, आणि आपल्याला वाटतं गेलं. ते गेलेलं नसतं, हाडात जाऊन बसलेलं असतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं आणि तिथे ते दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुक्काम करतं. बाई गरोदर राहिली, तिचं दूध सुरू झालं, की बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं. त्याच्याबरोबर तिच्या लहानपणीचं शिसंही निघतं आणि वार ओलांडून बाळात जातं. आईनं विसाव्या वर्षी गाव सोडलं असेल, भट्टी सोडली असेल, तरी जातं. रक्तात ते लाल रंग बनवणाऱ्या विकरांना अडवतं, म्हणून पांडुरोग. मज्जातंतूत जातं, म्हणून हाताचं मनगट लुळं पडतं. मूत्रपिंडात जातं, रक्तदाब वाढवतं. पण सगळ्यांत मोठं नुकसान लहान मुलाच्या मेंदूचं होतं, आणि ते कुठे दुखत नाही. मुलाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जवळजवळ निम्मं शोषलं जातं, मोठ्या माणसाच्या पोटात दहावा हिस्सा. त्यात पोर मातीत खेळणारं, हात तोंडात घालणारं. लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि सातपुड्याच्या पाड्यांवरच्या आयाबायांच्या रक्तात लोह किती असतं, हे इथल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. बाळ रडत नाही, ताप येत नाही. ते फक्त जेवढं शिकलं असतं त्याहून थोडं कमी शिकतं. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची कुठलीही मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला आजवर सापडलेली नाही.

त्या मुलानंतर मी जुन्या भट्ट्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता उदयपूरजवळच्या जावरला पोहोचलो. पहिल्यांदा पुस्तकातून, नंतर प्रत्यक्ष.

उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीत, टिडी नदीच्या काठी जावर आहे. तिथे, आणि मेवाडातच दरिबा आणि आगूचा इथे, शिसं, चांदी आणि जस्ताच्या खाणी आहेत. जुन्या बोगद्यांत आधाराला लावलेली लाकडं अजून सापडतात. त्यांची कार्बन-तपासणी झाली आणि त्यातून तिथलं खाणकाम दोन हजार वर्षांहून जुनं ठरलं. माणसं दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून खोल उतरत होती. खडक फोडायला आग लावून तो तापवत होती. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. बोगद्यातली ती आग, तो धूर आणि शिशाच्या खनिजाची धूळ मनात आणून बघा.

पण जावर जगात प्रसिद्ध आहे ते जस्तासाठी. जस्त काढणं अवघड. खनिजातून सुटायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत जस्त वायू होऊन उडून जातं. ९०७ अंशांना ते उकळतं आणि हवा लागली की पांढरी भुकटी होतं. मेवाडच्या कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराचं मातीचं भांडं, त्यात खनिज भरायचं, तोंडाला नळी, आणि भांडं भट्टीत उलटं ठेवायचं. वर आग, खाली गारवा. वाफ खाली उतरते आणि नळीत थंड होऊन थेंबाथेंबानं गोळा होते. आपल्या रसशास्त्रात 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात या भांड्याला वृन्ताकमूषा म्हटलं आहे. वृन्ताक म्हणजे वांगं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि हिंदुस्तान झिंकची माणसं यांनी मिळून तिथे खोदकाम केलं. एका ओळीत सात भट्ट्या मिळाल्या, एकेका भट्टीत छत्तीस मूषा. ग्रंथात लिहिलेलं आणि जमिनीतून निघालेलं जुळलं. युरोपात जस्त काढायची पद्धत ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं नोंदवली ती १७३८ साली. त्याच्या कित्येक शतकं आधी जावरला हे काम मोठ्या प्रमाणावर चाललेलं होतं. आपल्या घरातल्या पितळी डब्या-हंड्यांच्या मागे ही विद्या आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे.

जावरच्या वस्तीत मात्र मी त्या मूषा पाहिल्या तेव्हा अभिमानाबरोबर आणखीही काही वाटलं. वापरून झालेल्या मूषांचे तिथे ढीगच्या ढीग आहेत. आणि जुन्या घरांच्या, कुंपणांच्या भिंती त्याच मूषांनी बांधलेल्या आहेत. विटांच्या जागी मूषा, ओळीनं रचलेल्या, तोंडं बाहेर काढलेल्या. छायाचित्राला फार सुंदर दिसतात. पण मी डॉक्टराच्या डोळ्यानं पाहत होतो. त्या मूषांत जे उरतं त्यात जस्ताबरोबर शिसं असतं. जस्ताच्या खनिजात बहुतेक वेळा कॅडमियमही असतं, आणि तो धातू तर जस्ताच्याही आधी, ७६७ अंशांनाच उकळतो. भट्टी पेटली की पहिली वाफ त्याची. ती वाफ भट्टीजवळ बसलेल्या माणसानं घेतली. जपानमध्ये कामिओकाच्या शेकडो वर्षं जुन्या खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरलं आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडू लागली. त्या रोगाला लोकांनी नाव दिलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं कारण मान्य केलं.

आणि वान्काव्हेलिका आठवा, ती पाऱ्याची खाण. तिथली घरं कच्च्या विटांची आहेत आणि विटांची माती चारशे वर्षांच्या भट्ट्यांच्या धुरानं आणि गाळानं भरलेली आहे. संशोधकांनी तिथल्या घरांच्या भिंती तपासल्या तेव्हा भिंतींत पारा निघाला. आज राहत्या घरांत. खाणीचे मालक स्पेनचे राजे, त्यांचं साम्राज्य गेलं, पण त्या भिंतीला टेकून आज जे पोर अभ्यास करतं त्याच्या वाट्याला अजून हिस्सा येतो आहे.

मराठी माणसानं जावरच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडवर आपल्या सरदारांच्या स्वाऱ्या होत राहिल्या, मुलूख उजाड झाला, वर दुष्काळ पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जावरच्या भट्ट्या विझल्या. भट्ट्या विझवणाऱ्यांत आपणही होतो. ढीग मात्र तिथेच राहिले, आणि विसाव्या शतकात खाण पुन्हा सुरू झाली ती त्याच ढिगांच्या शेजारी.

अशीच गोष्ट जॉर्डनमधल्या वादी फेनान नावाच्या खोऱ्याची आहे. सात-आठ हजार वर्षांपूर्वीपासून तिथे तांब्याचा व्यवहार होता. रोमन काळात शिक्षा झालेल्यांना, त्यांत ख्रिस्ती धर्म सोडायला नकार देणाऱ्यांना, तिथे खाणीत पाठवत. मरणाइतकी वाईट शिक्षा म्हणून ती ओळखली जायची. गेल्या तीस वर्षांत जॉन ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली माती, बार्ली, बकऱ्या आणि जुन्या दफनभूमीतली हाडं तपासली. भट्ट्यांतून निघालेल्या मळीच्या ढिगांजवळच्या मातीत तांबं आणि शिसं अजून मोठ्या प्रमाणात आहे. हाडांत त्याचा माग आहे. आणि त्या ढिगांवर चरणाऱ्या आजच्या बकऱ्यांतही आहे. भट्टी कित्येक शतकांपूर्वी विझली, बकरी आज चरते आहे, दूध आज बेदुइनाचं पोर पितं आहे.

इथे मला एक विरुद्ध साक्षही तुमच्यापुढे ठेवली पाहिजे, नाहीतर माझी बाजू एकतर्फी होईल. फेनानपासून फार दूर नाही अशा तिम्ना खोऱ्यात तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे मातीचे पुष्कळ नमुने घेतले. त्यांना दिसलं, की प्राचीन भट्ट्यांचं प्रदूषण भट्टीपासून काही पावलांपुरतंच आहे, खोरंभर पसरलेलं नाही. मला हे पटतं, आणि ते माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. काही पावलांच्या आत कोण होतं, हाच तर डॉक्टरचा प्रश्न आहे. भाता चालवणारा होता, त्याला भाकरी आणून देणारी होती, तिच्या कडेवरचं मूल होतं. सराफ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळेच काही पावलांच्या आत असतात.

दूरवर काय गेलं, त्याचं उत्तर बर्फात मिळालं. क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय मोजलं, सुमारे साडेचार अब्ज वर्षं. ते मोजताना शिसं सगळीकडूनच नमुन्यात शिरतं हे त्याच्या लक्षात आलं. हवेतून, हातांतून, काचेच्या भांड्यांतून. मग तो त्याच्याच मागे लागला. त्यानं आणि सहकाऱ्यांनी जुन्या पेरूमधली हाडं तपासली आणि आजच्या माणसाच्या अंगात शिसं शेकडो पट वाढलेलं दाखवलं. १९९४ मध्ये तो आणि इतर संशोधक यांनी ग्रीनलंडच्या बर्फात ग्रीक-रोमन काळातल्या चांदीच्या भट्ट्यांचं शिसं दाखवलं. बर्फ थरावर थर साठतो, त्या थरांत वर्षांचा हिशोब असतो. २०२५ मध्ये जोसेफ मॅककॉनेल यांच्या गटानं अशाच बर्फावरून अंदाज मांडला, की रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या दोन शतकांत युरोपभर मुलांचा बुद्ध्यंक सरासरी अडीच-तीन गुणांनी खाली आला असावा. हा प्रतिमानांवर बेतलेला अंदाज आहे, तसाच तो घ्यावा. पण अडीच गुण म्हणजे एका मुलाला कळणारही नाही इतकं थोडं आणि एका खंडाला भरून न येण्याइतकं मोठं नुकसान, हे कुठल्याही शिक्षकाला समजेल. गुरुजींना नक्की समजलं असतं.

सगळीच जुनी मळी विषारी असते असं मात्र नाही. आपल्या विदर्भात, नागपूरजवळ नायकुंडला, महापाषाणयुगातली लोखंडाची भट्टी सापडली आहे. लोखंडाच्या जुन्या किटाला आयुर्वेदात मंडूर म्हणतात आणि पांडुरोगावर त्याचं भस्म देतात. शंभर वर्षांचं मंडूर उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठाचं कनिष्ठ, अशी प्रतही ठरवून दिली आहे. दोन जुन्या भट्ट्या, एकीची राख औषध आणि दुसरीची विष. आपल्या जुन्या वैद्यांना धातूंमधला हा फरक कळत होता, शिशाला ते 'नाग' म्हणत आणि शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय त्याला हात लावू नका असं बजावत. आज कुणीही कुठेही केलेली भस्मं पुडीत बांधून विकली जातात आणि त्यांतून शिशाची विषबाधा झालेले रोगी डॉक्टरांकडे येतात, तेव्हा मला त्या जुन्या वैद्यांची बाजू घ्यावीशी वाटते.

तुमच्या कुंडी भंडाऱ्याकडे परत येतो. १६१५ मध्ये, ज्या वर्षी इंग्लंडचा वकील थॉमस रो या शहरात शहजादा परवेझला भेटला त्याच वर्षी, अब्दुर रहीम खानखाना यांच्या सुभेदारीत हे काम झालं. करणारा इराणी भूजलतज्ज्ञ. त्याचं नाव तबकुतुल अर्ज सांगतात, आणि त्या शब्दांचा अर्थच 'पृथ्वीचे थर' असा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी अडवून, शंभरावर कुंड्यांना जोडत, जमिनीखालून ते शहरात आणलं. पंप नाही, नुसता उतार. काल मी पाळण्यातून खाली उतरलो. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढला आहे, त्यामुळे वाट अरुंद होत चालली आहे. इथले लोक त्याबद्दल काळजी करतात आणि ती रास्त आहे. मला तो थर पाहून रोमचा विट्रुव्हियस आठवला. दोन हजार वर्षांपूर्वी त्यानं लिहिलं, की पाणी शिशाच्या नळातून आणू नका, मातीच्या नळातून आणा. पुरावा काय, तर शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे बघा, किती फिकट असतात. रोमनांनी त्याचं ऐकलं नाही. चुन्याच्या पाण्यानं त्यांच्या नळांना आतून थर धरला आणि शिसं पाण्यात उतरायचं काही अंशी अडलं, एवढंच नशीब. बुऱ्हाणपूरला पाणी दगडातून आणि मातीतून आलं, शिशाला न शिवता. टांकसाळीत शिसं वितळवणारं हे शहर पाणी मात्र असं पीत होतं.

कारागिरांच्या बाबतीत तेवढी काळजी कुणी घेतली नाही, मोगलांनी नाही, शिंद्यांनी नाही, इंग्रजांनी नाही, आणि आपण अजून घेत नाही. भारतात पेट्रोलमधलं शिसं २००० साली थांबलं, तो मोठा विजय होता. पण २०२० मध्ये युनिसेफनं जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोक्याएवढं शिसं असल्याचं सांगितलं, आणि अशी मुलं सगळ्यांत जास्त आपल्या देशात आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून गाळणाऱ्या गल्ल्या, कथलात शिसं मिसळून केलेली कल्हई, पिवळ्या रंगासाठी हळदीत मिसळलेलं शिशाचं क्रोमेट, डोळ्यांतला सुरमा, आणि सराफ्यामागच्या भट्ट्या. खाण आता फक्त डोंगरात राहिली नाही. कालच्या धातूच्या ढिगाऱ्यांतून आपण पुन्हा खणतो आहोत, आणि तेही घरात.

त्या मुलाची गोष्ट मी अर्धी सोडली होती. रक्ताची तपासणी बाहेरून करून घेतली, शिसं खूप होतं. औषधं दिली, कळा थांबल्या, महिन्याभरानं हिरडीवरची रेघ फिकी झाली. मग मी त्याचं घर बघायला गेलो. भट्टी बंद ठेवलेली होती. पोटमाळ्यावर त्याच्या बहिणीचं दीड वर्षाचं मूल खाटेखाली रांगत होतं. खाटेखाली एक पोतं होतं, शिवून ठेवलेलं, एका कोपऱ्याला फाटलेलं. त्यातून करडी भुकटी जमिनीवर सांडली होती आणि मुलाच्या हाताला लागली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"भट्टीची राख हाय डॉक्टरसाहेब," बाळाची आई म्हणाली. "त्यात चांदी राहतीय थोडी. टाकायची कशी? झारेकरी येतो, धुऊन काढतो, दोन पैसं मिळत्यात."

मी त्यांना राख घरातून काढायला सांगितली. का, तेही सांगितलं, त्यांच्या भाषेत, जमेल तसं. बाळाचं रक्त तपासायला घेतलं. आठवड्यानं पुन्हा गेलो तेव्हा खाटेखालची जागा शेणानं सारवलेली होती आणि पोतं तिथे नव्हतं. झारेकरी आला होता, तो घेऊन गेला. त्यानं ते कुठे धुतलं, कोणत्या ओढ्यावर, कोणाच्या दारात, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.